काय घालू, हा प्रश्न नंतरचा: नेरुळच्या एका कागदी लिंबाचं प्रकरण

झाड कागदी लिंबाचं, वय नऊएक वर्षं. जागा नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या रो-हाऊसचं पुढचं अंगण. नर्सरीतून कलमी रोप म्हणून आणलेलं, चौथ्या वर्षापासून धरलेलं. 2022 च्या एप्रिलमध्ये बाजारात लिंबू नगाला दहा रुपयांवर गेलं, त्या उन्हाळ्यात या एका झाडाने आजूबाजूच्या घरांचंही सरबत आणि लोणचं भागवलं होतं. त्यानंतरच्या वर्षी फळ निम्म्यावर आलं. 2024 च्या फेब्रुवारीत मी झाड पाहिलं तेव्हा शेंड्याकडच्या फांद्या टोकापासून खाली वाळत आलेल्या, नवी पालवी बारीक आणि पिवळट, आणि सुपारीएवढी फळं रोज सकाळी खाली पडलेली.

तोवर झाडाला जे मिळायचं ते सगळं मिळून झालं होतं. एप्सम सॉल्ट, 19:19:19 हे मिश्रखत, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, ताक-हिंगाचं पाणी, ऑनलाइन मागवलेली कसल्याशा ‘बूस्टर’ची बाटली. घरातल्या काकूंचा फोनवरचा प्रश्नही तोच होता, ‘ताई, आता याला घालू काय?’ त्यात एका नर्सरीवाल्याने मोबाइलवरचे फोटो बघून सांगून टाकलं होतं की हा ग्रीनिंग रोग आहे, औषध नाही, उपटून टाका. काका उपटायला तयार होते. काकू नव्हत्या. म्हणून मला बोलावणं.

आधी काय बाजूला ठेवलं

झाडावर एकाच वेळी चार-पाच तक्रारी दिसत होत्या, आणि घोळ तिथेच होतो. जे आधी डोळ्यांत भरतं त्याच्यावर औषध मारलं जातं.

जुन्या पानांवर खरखरीत, उठावदार, तपकिरी ठिपके आणि प्रत्येकाभोवती पिवळी कडा. बोट फिरवलं की ठिपका हाताला लागतो. हा खैऱ्या, म्हणजे कँकर. जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो, आणि कागदी लिंबू त्याला फारच लवकर बळी पडतं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या पट्ट्यात खैऱ्या नसलेलं कागदी लिंबाचं झाड शोधावं लागेल. फळाची साल विद्रूप होते, पानं गळतात. पण नऊ वर्षांचं झाड खैऱ्याने शेंड्यापासून असं वाळत येत नाही. कोवळ्या पानांवर चांदीच्या नागमोडी रेघा होत्या आणि पानं चुरगळली होती, ती नागअळीची करणी. ही अळी फक्त कोवळ्या पानात शिरते. तिच्या जखमांमधून खैऱ्याला आत वाट मिळते, एवढा त्या दोघांचा संबंध. पाखरांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या दोन-तीन अळ्याही होत्या, लिंबावरच्या फुलपाखराच्या. त्या मी वेचून बाजूला केल्या. डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडतात, त्यामुळे मुलं घाबरतात, बाकी काही नाही.

पिवळेपणाकडे मात्र नीट पाहायला हवं होतं. पिवळं पान दिसलं की लोक खताकडे धावतात. कुठलं पान पिवळं आहे, हे बघायचं राहून जातं. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत तर पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचं पान पिवळं होतं. लोह आणि जस्त झाडाला असं सहज हलवता येत नाही, त्यामुळे त्यांची कमतरता नव्या पालवीवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जस्त कमी असेल तर पानं अरुंद आणि लहानही राहतात, पेरं आखूड होतात. इथे जुनी पानं ठिपके सोडले तर बऱ्यापैकी हिरवी होती आणि नवी पानं कढीपत्त्याएवढी. म्हणजे काकूंनी वर्षभर घातलेलं एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट, या झाडाने मागितलंच नव्हतं.

ग्रीनिंगची भीती

ग्रीनिंगचा संशय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हा रोग सिट्रस सायला नावाची बारीक तुडतुडी कीड पसरवते, आणि लागला तर त्यावर खरंच उपाय नाही. सायलाला लिंबाइतकाच कढीपत्ता आणि कामिनीही आवडते. नवी मुंबईत निम्म्या सोसायट्यांना कामिनीचं कुंपण आहे. या घराच्या समोरच्या उद्यानाला तर सलग तेच आहे, आणि काकूंच्या दारात कढीपत्ता.

पानावरून ओळखायची एक साधी चाचणी आहे. पूर्ण वाढलेलं पिवळट पान घ्यायचं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बॉलपेनने एकेक गोल काढायचा आणि दोन्ही गोलांमधली नक्षी ताडून पाहायची. कमतरता असेल तर डावी-उजवी बाजू आरशात पाहावी तशी जुळते. ग्रीनिंगचे डाग बेशिस्त असतात. एकीकडे पिवळा ढग शिरा ओलांडून गेलेला, दुसरीकडे तिथेच हिरवं. आम्ही अंगणातच झाडाच्या चारी बाजूंची पानं काढून, गोल आखून पायरीवर मांडली. नक्षी जुळत होती. फळंही पडत होती ती लहान असली तरी वेडीवाकडी नव्हती. ग्रीनिंगमध्ये फळ एका अंगाला वाकडं वाढतं आणि आतल्या बिया पोकळ, काळपट निघतात. आम्ही कापली त्या फळांतल्या बिया भरीव होत्या.

एक अडचण उरते. ग्रीनिंग झालेलं झाडही जस्ताच्या कमतरतेसारखी पानं दाखवू शकतं. पक्की खात्री प्रयोगशाळेतल्या पीसीआर चाचणीनेच होते. पण पानं, फळं आणि बिया एकाच दिशेने बोट दाखवत असताना नऊ वर्षांचं झाड उपटायला सांगणं मला पटलं नाही. आधी मुळं बघायची, उपचार द्यायचा, नवी पालवी कशी येते ते पाहायचं, आणि तरी शंका राहिलीच तर नमुना पाठवायचा, असं ठरलं.

मग मातीत हात घातला

‘झाड बिघडायच्या आधीच्या वर्षात अंगणात काय बदललं?’ हा माझा नेहमीचा प्रश्न. काकू म्हणाल्या काही नाही. काका म्हणाले, ‘पेव्हर ब्लॉक टाकले की आपण, दिवाळीच्या आधी.’ 2022 ची दिवाळी.

पेव्हर अगदी बुंध्याला टेकवून बसवलेले होते. बुंध्याभोवती जेमतेम वीतभर गोल मोकळा, त्यात घरातलं सगळं पाणी ओतलं जायचं: तांदळाचं, डाळीचं, कुंड्यांचं उरलेलं. अंगणाची पातळी वर आणायला खाली भराव आणि कच टाकलेली. मिस्त्रीने मसाला कालवला तो झाडाखालीच आणि घमेली-थापी धुतली तीही बुंध्याशी, कारण अंगणात मोकळी माती तेवढीच होती.

चार ओळी पेव्हर उचलायला लावले आणि खुरप्याने हळूहळू माती काढत गेलो. वीतभर खाली गेल्यावर कलमाचा जोड लागला. तो जमिनीच्या वर राहायला हवा. इथे अख्खा पावसाळा तो ओल्या मातीखाली होता, आणि जोडाच्या वरची साल दक्षिणेकडच्या बाजूला काळपट, ओलसर, त्यातून मधासारखा डिंक गळून सुकलेला. चाकूने खरवडलं तर सालीखाली तपकिरी चिखल आणि आंबूस वास. हा डिंक्या. फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचं काम, आणि त्याला हवी असते ती फक्त साचलेली ओल.

बारीक मुळांची परीक्षा त्याहून सोपी. पेन्सिलीच्या शिशाएवढं एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं, तर वरचं साल हातमोज्यासारखं निघून आलं आणि आत दोऱ्यासारखी पांढरी तार राहिली. निरोगी मुळाचं साल असं सुटत नाही. बुंध्याकडच्या भागात बहुतेक तंतुमुळं अशीच होती. म्हणजे लोह-जस्त जमिनीत असतं तरी ते शोषायला तोंडच शिल्लक नव्हतं.

आणि जमिनीतूनही ते मिळणं अवघडच झालं होतं. खड्ड्यातली माती बशीत घेऊन तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतलं, तर ती सोड्यासारखी फसफसली. मसाल्याचा चुना. कुंपणाच्या दुसऱ्या बाजूची लाल माती तशीच तपासली, तिथे काही नाही. कोकणातली मूळ माती आम्लधर्मी असते, पण नवी मुंबईच्या अंगणात मूळ माती किती आणि भराव किती, हे खणल्याशिवाय कळत नाही. चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त असूनही झाडाला उचलता येत नाही. काकूंची अंड्याची टरफलं त्यात आणखी कॅल्शियम घालत होती. ती इतकी हळू विरघळतात की त्यांनी फार बिघडवलं असं मी म्हणणार नाही, पण उपयोगही शून्य.

शेवटी फूटभर खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतलं. पहिलं पाणी मुरल्यावर पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फोटो पाठवला: खड्ड्यात अजून चार बोटं पाणी.

एक गोष्ट सांगायची राहिली. अख्ख्या झाडावर एकच फांदी तजेलदार होती, सरळ उंच गेलेली, मोठ्या गडद पानांची. काकूंचा सगळा जीव तिच्यावर. ‘ही बघा, हिला काही झालेलं नाही, मग बाकीच्यांनाच का?’ तिचा माग काढत खाली गेलो तर ती कलमाच्या जोडाच्या खालून फुटलेली निघाली. पान चोळून हुंगलं, कागदी लिंबाचा वास नाही. काटे लांब. ती जंबेरीची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्या खुंटाची फांदी. ज्यावर डोळा भरला होता तो खुंटच डोकं वर काढत होता, आणि तिच्यावर उद्या फळ आलं असतं तर ते जाड, खडबडीत सालीचं.

उपचार, त्याच क्रमाने

डिंक्याने बुंध्याचा साधारण एक तृतीयांश घेर खाल्ला होता. अर्ध्याच्या पुढे गेला असता तर मीही नवं झाड लावा म्हटलं असतं.

पहिलं काम पेव्हर मागे घेण्याचं. झाडाच्या पसाऱ्याइतकी माती मोकळी हवी, पण तिथे काकांची स्कूटर लागते. बुंध्यापासून चारी बाजूंना अडीच फुटांवर तडजोड झाली. भराव आणि मसाल्याचे तुकडे हाताने उचलून बाहेर काढले. गंधक घालून चुना मारत बसण्यापेक्षा तो उचलून टाकणं केव्हाही स्वस्त. वरची मुळं उघडी पडेपर्यंत माती खाली नेली, कलमाचा जोड चांगला चार बोटं वर आला. मग उद्यानाच्या बाजूला उतार देऊन गटारापर्यंत एक चर काढला. या चराचं कौतुक कोणी करत नाही, पण एकूण उपचारातलं निम्मं यश त्याचं आहे.

सडकी साल चाकूने कडेपर्यंत खरवडली, जिथे ताजी, हिरवट-पांढरी साल लागते तिथे थांबायचं. दोन दिवस जखम वाऱ्यावर सुकू दिली आणि बोर्डो मलम लावलं. प्रमाण एकास एकास दहा: 100 ग्रॅम मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात कालवायचे आणि मग एकत्र ओतायचे. लोखंडी भांडं घ्यायचं नाही. मिश्रण जमलं की नाही हे पाहायला त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. त्याच दिवशी वापरून टाकायचं. अंगणात गेरू-चुना लावायची आपल्याकडे पद्धत आहेच, ती दिसायला छान आहे, पण डिंक्यावर काम करतं ते तांबं.

वाळलेल्या फांद्या हिरव्या भागात इंचभर आत जाऊन छाटल्या. झाडावरची फळं सगळी काढायला लावली. काकूंना हे फार जड गेलं. पण मुळं नसलेल्या झाडाने फळं पोसावीत असा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. जंबेरीची फांदी खरं तर ताबडतोब बुडातून काढतात. इथे मात्र वरची पानंच इतकी कमी उरली होती की मुळांना अन्न पुरवणारी तीच एक. म्हणून अर्धी छाटून ठेवली आणि बाकीची ऑक्टोबरमध्ये काढली. हा माझा निर्णय. दुसरा कोणी पहिल्याच दिवशी करवत चालवेल आणि तोही चूक म्हणता येणार नाही.

खत बंद. पूर्ण बंद. काकूंना पटवायला सगळ्यात कठीण गेलं ते हे. पाणी दुहेरी आळ्याने: बुंध्याजवळचं आतलं आळं कोरडं, बाहेरच्या कड्यात पाणी, आणि तेही माती दोन इंचांपर्यंत सुकली असेल तरच.

मार्चमध्ये पालवी फुटली. पानं पूर्ण वाढीच्या दोन तृतीयांश झाली की फवारणी लागू पडते, फार कोवळी असताना करपतात आणि जून झाल्यावर शोषत नाहीत. मुळं चालत नसल्यामुळे जस्त पानांवाटेच द्यायचं होतं: लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरवलेला चुना, वस्त्रगाळ करून. लोहाची फवारणी वेगळी, आठवड्याने, चिलेटेड लोह लिटरला 1 ग्रॅम. काकांनी मागे मातीत घातलेलं चिलेटेड लोह वाया का गेलं, त्याचंही उत्तर इथेच आहे. ते ईडीटीए प्रकारातलं होतं आणि चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. अशा मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारातलं लागतं, जे महाग पडतं. पानांवर फवारायला मात्र ईडीटीए चालतं.

नागअळीसाठी पालवी दोन बोटांची असतानाच कडुलिंबाचं तेल, लिटरला 5 मिलि आणि थोडा साबण, संध्याकाळी. एकदा पान चुरगळलं की फवारून उपयोग नाही, आणि ते पान तोडूही नये. त्यातला हिरवा भाग झाडाला अन्न देतच असतो.

पावसाळा

खरी परीक्षा जूननंतर होती. मेच्या शेवटी खैऱ्याने भरलेल्या बारीक फांद्या छाटून घरापासून दूर टाकल्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारलं, लिटरला 3 ग्रॅम. पुढे पावसाच्या उघडिपीत महिन्याने पुन्हा. पाऊस लागल्यावर आळ्यात मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅमने एकदा ओतलं. झाडावर फळ नव्हतं म्हणूनच हे औषध घरच्या अंगणात वापरलं. फळ असतं तर डब्यावरचा काढणीपूर्व कालावधी पाळावाच लागला असता. ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळांवरच्या रोगांना रोखणारी मित्रबुरशी, याच्याबरोबर देऊ नका, एकाच वेळी मित्रबुरशी आणि बुरशीनाशक दिलं तर दुकानदार सोडून कोणाचाच फायदा नाही.

जुलैत संततधार लागली तेव्हा काकू छत्री घेऊन चर बघायला जात होत्या. पाणी तासाभरात वाहून जात होतं. डिंकाची नवी गळ नव्हती.

ऑक्टोबरच्या उन्हात आलेली पालवी पहिल्यांदा ओळखीची वाटली: पानं पूर्ण आकाराची, एकसारखी हिरवी. त्या पालवीत बेशिस्त डाग कुठेच न दिसल्यामुळे ग्रीनिंगची चाचणी करायची गरज राहिली नाही. पुन्हा एक मूळ ओढून पाहिलं, साल जागेवर राहिलं, टोक पांढरं. तेव्हा कुठे आहार सुरू केला: कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा, आणि महिन्याने थोडंसं युरिया. जंबेरीची उरलेली फांदी बुडातून काढून त्या जागीही बोर्डो लावलं.

आता कुठे आहे

जखमेच्या कडांनी नवी साल गोल येत आहे, पण मधला भाग सुकलाय तो सुकलाच. त्याच्या थेट वर असलेल्या दोन जाड फांद्या वाचल्या नाहीत, डिसेंबरमध्ये काढाव्या लागल्या, आणि झाड एका बाजूला विरळ दिसतं. 2025 च्या जानेवारीत आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटच्या बहराची, फुलं आली. त्यातली बरीच गळली, जी नेहमीच गळतात. जूनमध्ये लिंबं उतरवली, ती 2022 च्या मानाने खूपच थोडी, पण रसाची.

खैऱ्या आहेच, फळांवरही आहे, आणि राहील. दर मेमध्ये छाटणी आणि तांब्याची फवारणी हे आता त्या घराच्या पंचांगात बसलंय. जोडाखालून जंबेरीचे पाणसोट वर्षातून दोन-तीनदा फुटतात, ते काकू कोवळे असतानाच अंगठ्याने खुडतात. कढीपत्त्याच्या शेंड्यांवर पांढऱ्या मेणाचे दोरे दिसले की ते सायलाचं पिल्लू, तो शेंडा तोडून पिशवीत बांधायचा, हे त्यांना दाखवून ठेवलंय. समोरच्या कामिनीच्या कुंपणाबद्दल मात्र काही करता येण्यासारखं नाही.